छत उतरविले तेव्हा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या माथ्यावर आता सिमेंटचा स्लॅब आहे, आणि त्यांच्या मुलाबाळांस छत म्हणजे तो स्लॅबच होय असे वाटते. परंतु अमरावती-अकोल्याकडील जुन्या वाड्यांतून जी मंडळी वाढली, त्यांस छत म्हटले की आठवते ते कापड. वर कवेलूंचे किंवा टिनाचे छप्पर, त्याखाली वासे व मयाल, आणि त्या सर्वांच्या खाली खोलीभर ताणून बसविलेले पांढरे कापड, असा तो थाट असे. वाऱ्याची झुळूक आली की ते किंचित फुगे व पुन्हा बसे. दुपारी सक्तीने निजविलेल्या मुलांस घरच श्वास घेत आहे असा भास होई.

ह्या कापडाचे प्रयोजन निव्वळ शोभेचे नव्हते. कवेलूंच्या फटींतून धूळ गळे, काड्या पडत, पाली व विंचू उतरत. अन्नावर व अंथरुणावर ते पडू नये म्हणून कापडाची आडकाठी. दुसरे कारण उन्हाचे. आमच्या वैशाखाची ओळख बाहेरगावच्या वाचकांस करून द्यावयाची तर इतकेच सांगतो की, अकोल्यास पारा ४५ अंशांवर गेला तरी वर्तमानपत्राखेरीज कोणी त्याची दखल घेत नाही. पन्हाळी पत्र्याचा शोध लंडनच्या हेन्री पामर ह्याने १८२९ साली लाविला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोहोचला, आणि पुढे कवेलूंच्या जोडीला हा पत्राही आमच्याकडील छपरांवर चढला. पत्रा टिकाऊ खरा, परंतु दुपारी तो तव्यासारखा तापतो व ती उष्णता खाली फेकतो. मध्ये कापड असले की ती आंच प्रथम त्यावर पडते, आणि कापड व पत्रा ह्यांमधील हवेस बाहेर पडावयास वाट असेल तर खालचे माणूस बरेच वाचते. चांदव्याची आवड तर आपल्या देशात फारच जुनी. आमच्या शेजारच्या अजिंठ्याच्या लेण्यांत खडकाच्या छतांवर अशी चित्रे काढली आहेत की, पाहणाऱ्यास माथ्यावर नक्षीचे वस्त्र ताणले असल्याचा भास व्हावा.

असो. ह्या सदरात आम्ही घरातल्या साध्या गोष्टींविषयी लिहितो, तेव्हा यंदाची आमच्या घरची गोष्ट सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

आमचा वाडा अमरावतीच्या परकोटाच्या आत आहे. तो तिघा भावांच्या नावे आहे. थोरले बंधू पुण्यास असतात, धाकटे अकोल्यास जठारपेठेत, आणि वाड्यात आम्ही. माजघर १८ फूट लांब व १२ फूट रुंद. त्याच्या उत्तरेच्या भिंतीलगत आमच्या आत्याबाईंची खाट असे. आत्याबाईंचे वय ८७. कान थोडे गेले आहेत, स्मरण मात्र शाबूत आहे. त्यांच्या खाटेच्या बरोबर वर छताला पोट सुटले होते. प्रथम ते वाटीएवढे होते, पुढे परातीएवढे झाले, व त्याच्या कडेने पिवळे वर्तुळ उमटले. दर उन्हाळ्यात आम्ही वर पाहून म्हणत असू की, ह्या वर्षी हे काढले पाहिजे. आणि मृग लागला की तो विषय पुढल्या वर्षावर जाई. एकत्र कुटुंबात सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट कोणाचीच नसते, हा अनुभव वाचकांसही असेल.

यंदा होळीनंतर मुलांनी मनावर घेतले. त्यांचे म्हणणे असे की, जुन्या छतास हातच लावू नये. त्याच्या खाली लोखंडी चौकट ठोकून जिप्समच्या पाट्या बसवाव्या, त्यांत दिवे सोडावे, म्हणजे खोली नवी होईल. मिस्त्रीनेही तीच री ओढली. "साहेब, जुने कशाला हलविता? खालून नवे मारून देतो, चार दिवसांत काम मोकळे." खर्च आटोपशीर होता व धुळीची दगदग नव्हती. खोटे कशाला बोलावे, आम्ही जवळजवळ रुकार दिलाच होता. तेवढ्यात आमच्या घरातून प्रश्न आला, "पोट कशाने सुटले, ते तर आधी पाहाल की नाही?"

ह्या प्रश्नास उत्तर नव्हते. छत उतरवावयाचे ठरले. त्यास विरोध केला तो एकट्या आत्याबाईंनी. "दादाने लावलेले आहे ते. राहू द्या रे." दादा म्हणजे आमचे तीर्थरूप. त्यांस जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. बहिणीची माया, असे आम्ही समजलो, आणि त्यांची खाट ओसरीवर हलविली.

छत उतरविणे हे वाटते तितके सोपे काम नाही, म्हणून आम्ही ते कसे केले हे थोडक्यात सांगतो. प्रथम विजेचा मुख्य खटका बंद केला. कारण जुन्या घरांतून तारा छताच्या वरूनच गेलेल्या असतात, त्यांचे वेष्टण वाळून तडकलेले असते, आणि कोरडे कापड व उघडी तार ह्यांचे सख्य फार महागात पडते. खोली रिकामी करून फरशीवर जाड प्लास्टिक अंथरले. प्रत्येकाने नाकातोंडावर घट्ट मास्क व डोळ्यांवर चष्मा लाविला. वर वटवाघळांची किंवा कबुतरांची विष्ठा असली तर तिची कोरडी धूळ फुप्फुसांस अपायकारक असते, म्हणून फवाऱ्याने कापड वेळोवेळी ओले करीत गेलो. मधोमध सुरी घालून कापड फाडण्याचा मोह होतो. तो आवरावा, नाहीतर साठ वर्षांची धूळ एका क्षणात अंगावर येते. आम्ही एका कोपऱ्यापासून हातभर कड सोडवावी, खाली धरलेल्या चादरीत कचरा हळूहळू उतरू द्यावा, मग पुढची कड घ्यावी, असे केले. चार माणसांस दीड दिवस लागला. ज्यांच्या घरी छतास कापडाऐवजी ॲसबेस्टॉसच्या जुन्या पाट्या असतील, त्यांनी मात्र ह्या वाटेस जाऊ नये. त्या फोडू नयेत, कापू नयेत, जाणत्या माणसाकडूनच काढवून घ्याव्या.

कापड एक असेल असे आम्ही समजत होतो, निघाली तीन. सर्वांत खालचे आमच्याच हातचे. थोरल्या पुतण्याच्या मुंजीच्या वेळी, १९९१ साली, आम्ही हौसेने रेक्झिन लाविले होते. त्याच्या पाठीस पातळ फोम असे, व तो पातळ लाकडी पाट्यांवर डिंकासारख्या चिकट द्रव्याने डकवीत. ते रेक्झिन ओढताच सहज सुटून हातात आले आणि फोमचा चिकट पिवळा भुगा सर्वांच्या अंगावर पडला. पोट सुटण्याचे निम्मे कारण तेथेच सापडले.

ह्या फोमविषयी आमच्या पुतण्याने नंतर जे सांगितले ते मनोरंजक आहे. तो मुंबईस नौकांच्या दुरुस्तीच्या कामावर असतो. समुद्रापासून सहाशे किलोमीटरांवरील आमच्या माजघराचे दुखणे ऐकून तो हसला व म्हणाला, "काका, नौकेच्या केबिनीत हेच आमचे रोजचे काम." लहान नौकांच्या केबिनीस आतून जे मऊ अस्तर असते, त्याच्याही पाठीस पुष्कळदा असाच फोम असतो, आणि मोटारींच्या छतासही तसाच. बऱ्याच प्रकारच्या फोमची घडणच अशी की, उष्ण व दमट हवेत तो काही वर्षांत आतून विरत जातो. डिंक जागेवर राहतो, कापडही धड असते, परंतु त्या दोहोंस जोडणारा थरच भुकटी होऊन जातो. उतावीळ गृहस्थ त्या भुकटीवरच नवा डिंक फासून नवे कापड चिकटवितो, आणि ते एका हंगामात लोंबू लागते. म्हणून जाणता कारागीर जुने सर्व खरवडून मूळ पृष्ठ स्वच्छ करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वर डेकमधून जेथे जेथे बोल्ट आरपार आले असतील तेथे पाणी झिरपते काय हे तो पाहतो. नवे अस्तर शक्य तर सुट्या पाट्यांवर चढवून स्क्रूने बसवितात, म्हणजे पुन्हा पाहावयाचे झाल्यास फाडावे लागत नाही. पुतण्याचे शेवटचे वाक्य आम्ही वहीत टिपून ठेविले आहे: "काका, अस्तर कधी आपण होऊन पडत नाही, त्याच्या वर काहीतरी झालेले असते."

आमच्या रेक्झिनच्या व पाट्यांच्या वर मांजरपाट निघाला. तो तीर्थरूपांनी लावलेला. त्याच्या काठावर अकोल्याच्या सावतराम मिलचा शिक्का अद्याप वाचता येत होता. ती गिरणी १९७४ साली सरकारने आपल्याकडे घेतली व पुढे बंद पडली; तिचे कापड आमच्या माथ्यावर तिच्यापेक्षा अधिक टिकले. त्याच्याही वर होती जाड, खरबरीत खादी. ती आजोबांच्या वेळची. १९३० साली अकोला जिल्ह्यात दहिहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला, त्या दिवसांतील हवेने आमच्या घरातही चरखा आणला होता, आणि अंगावर घालण्याजोगे न निघालेले जाडेभरडे सूत विणून घेऊन आजीने ते छतास दिले, असे आत्याबाई सांगतात. हाताची खादी, गिरणीचा मांजरपाट आणि आमचे रेक्झिन, असा वऱ्हाडच्या कापसाचा शंभर वर्षांचा प्रवास आमच्या माथ्यावर घडी करून ठेवलेला होता. प्रत्येक पिढीने आपल्या काळाचे कापड लाविले. मात्र कोणीही आधीचे काढले नाही.

कापडाबरोबर आणखी काय काय खाली आले त्याची यादी लांबेल. चिमण्यांची घरटी, गांधीलमाशीचे पोळे, एक पतंग, आणि हातभर लांबीची सापाची कात. कात पाहून सुनेने किंकाळी फोडली, आणि आम्हांस रुडयार्ड किपलिंगची एक गोष्ट आठवली. साहेबलोकांच्या बंगल्यांसही असेच कापडी छत असे. 'द रिटर्न ऑफ इम्रे' ही गोष्ट त्याच्या १८९१ सालच्या पुस्तकात आहे. तीत एक अधिकारी नाहीसा होतो. त्याच्याच बंगल्यात दुसरा अधिकारी येऊन राहतो. छतावर शिरलेले साप हुसकावयास तो वर चढतो, आणि कापडामागे त्या नाहीशा झालेल्या माणसाचे प्रेत सापडते. गोष्ट भयंकर आहे, व आम्ही ती सुनेस त्या वेळी सांगितली नाही. परंतु ज्याच्याखाली आपण नित्य जेवतो व निजतो, त्याच्यामागे काय आहे हे आपण पाहत नाही, एवढे त्या गोष्टीतले सत्य आमच्या घरीही थोड्याच वेळात प्रत्ययास आले.

खादीस उत्तरेच्या कोपऱ्यात चौकोनी ठिगळ होते. टाके मोठमोठे व पुरुषी. ते उसवून सुताराने दिवा वर केला व थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "तुम्हीच या वर." आम्ही शिडीवर चढलो. मयालाचे जे टोक भिंतीत शिरते ते उधईने, म्हणजे वाळवीने, आतून पोखरलेले होते. वरच्या पन्हळीचे पाणी वर्षानुवर्षे त्याच जागी मुरत आले होते. भिंतीत दोन लोखंडी आकडे ठोकून, त्यांवर सागाची फळी टेकवून, मयालास कोणीतरी आधार दिला होता. आणि छपराचा त्या बाजूचा सगळा भार आता त्या फळीवरच होता. मयालाच्या पोटावर लाल पेन्सिलीने तीर्थरूपांच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते: "ज्येष्ठ शके १८९४. तूर्त आधार दिला. पुढील साली मयाल बदलणे."

शके १८९४ म्हणजे १९७२. त्या ज्येष्ठानंतर पाऊस लागलाच नाही. महाराष्ट्राच्या ज्या दुष्काळातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, तोच हा दुष्काळ. आमच्या थोड्याशा शेताचे उत्पन्न त्या वर्षी बुडाले. त्याच्या पुढल्या वर्षी घरात लग्न निघाले. आणि 'पुढील साल' हे त्या मयालाच्या नशिबी कधी आलेच नाही. एकोणीस वर्षांनी आम्ही त्यावर रेक्झिन चढविले. आम्ही तेव्हा वर पाहिले असते तर ते अक्षर आम्हांस दिसते. परंतु मुंज आठ दिवसांवर आली होती.

संध्याकाळी आत्याबाईंस विचारले. त्या बराच वेळ हातातल्या जपमाळेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा फळी बसवीत होता तेव्हा कंदील मीच धरला होता. आईला सांगू नकोस म्हणाला. ती घाबरेल, झोपणार नाही. म्हणून नाही सांगितले. मग त्याने केले असेल असे वाटले मला." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "तुम्ही छत उतरवितो म्हणालात तेव्हा वाटले, दादाने केले नसले तर तुम्ही त्याला नावे ठेवाल."

पन्नास वर्षांहून अधिक काळ त्या माउलीने भावाची गोष्ट पोटात ठेविली आणि गेली वीस वर्षे त्याच मयालाखाली निजली. आम्ही तीर्थरूपांस नावे कोणत्या तोंडाने ठेवणार? त्यांनी निदान वर जाऊन पाहिले, आधार दिला व लिहून ठेविले. त्या रात्री आम्ही माजघरात कोणास पाऊल टाकू दिले नाही. दुसऱ्या दिवशी मयालाखाली दोन ठिकाणी भक्कम धिरे दिले, आणि मग भावांस कळविले.

येथून पुढचे प्रकरण एकत्र मालमत्तेच्या मालकांस निराळे सांगावयास नको. थोरल्या बंधूंचे उत्तर आले की, एवढा खर्च करण्यापेक्षा वाडा विकण्याचा विचार का करू नये. धाकट्यांचे म्हणणे, माजघर त्यांच्या वाट्याच्या बाजूस येत नाही. दोघांचेही म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच ते झोंबले. आम्ही वाद घातला नाही. धाकट्यांस एवढेच लिहिले की, एकदा येऊन पाहून जा. अकोला-अमरावती अंतर शंभर किलोमीटर. रविवारी ते आले. शिडीवर चढले, लाल पेन्सिलीची ओळ वाचली, आणि मयालाच्या टोकास बोट लाविले. बोट पेरभर आत गेले व पिठासारखा भुसा त्यांच्या मनगटावर सांडला. खाली उतरल्यावर ते आत्याबाईंजवळ जाऊन बसले. खर्चाविषयी अवाक्षर काढले नाही. पुढच्या रविवारी आले ते नव्या छताचे कापड घेऊनच. थोरल्या बंधूंनी आपला तिसरा हिस्सा यथावकाश पाठविला. वाडा विकण्याचा प्रश्न मिटला असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे काही ठरेल ते धड छपराखाली बसून ठरेल.

दुरुस्तीत मयाल संपूर्ण बदलावा लागला नाही. सुताराने हातोडीने ठोकीत व पेचकस टोचीत चांगले लाकूड कोठून लागते ते शोधले. चांगले लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द. कुजके टोक कापून तेथे जुन्या सागाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडला, दोन्ही बाजूंस लोखंडी पट्ट्या देऊन बोल्ट आवळले, आणि भिंतीत टोकाखाली दगडी उथळी बसविली, म्हणजे लाकूड ओल्या मातीस टेकणार नाही. पन्हळ बदलली. ती बदलली नसती तर बाकीचे सर्व व्यर्थ होते. तारा नव्या नळीतून घेतल्या.

आता नव्या छताविषयी, कारण तेही कोणास उपयोगी पडेल. जिप्समचा बेत मुलांनीच सोडला. आम्हांस आग्रह करावा लागला नाही. पुतण्याच्या नौकेतील युक्ती आम्ही उचलली. एकसंध कापडाऐवजी ६ फुटांहून थोड्या कमी लांबी-रुंदीच्या सहा हलक्या लाकडी चौकटी केल्या आणि प्रत्येकीवर कापड चढविले. कापड ९० इंच पन्ह्याचे जाड सुती घेतले, म्हणजे मध्ये शिवण येत नाही. १४ मीटर पुरले. ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळविले. कोरे सुती कापड धुतल्यावर आटते. न धुता ताणून बसविले तर पहिल्या पावसाळ्याच्या ओलीने ते खिळ्यांतून ओढले जाते व फाटते. जुन्या चालीप्रमाणे कणकेची खळ मात्र दिली नाही, कारण खळीवर कसर व झुरळे येतात. त्याऐवजी टाकणखार ७ भाग व बोरिक पावडर ३ भाग पाण्यात विरघळवून त्यात कापड बुडवून सुकविले. ह्याने कापड जळतच नाही असे नव्हे, पण ज्वाळा लवकर धरत नाही, व किडीसही ते मानवत नाही. धुतल्यास हा गुण जातो, तेव्हा प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा द्यावा लागतो.

चौकटीवर कापड ताणताना प्रथम चारही बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे जावे. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर सुरकुती पडतेच. कापड खिळ्यांखाली दुमडून घ्यावे. वाशांना आडव्या पट्ट्या ठोकून त्यांस चौकटी स्क्रूने अडकविल्या, आणि भिंतीच्या कडेने चार बोटे जागा मोकळी सोडून तीवर बारीक जाळी लाविली. छपराच्या दोन्ही टोकांसही जाळीची खिडकी ठेविली. कोंडलेली गरम हवा त्यातून निघून जाते. मुख्य गोष्ट ही की, आता दोन माणसे व एक पेचकस असला की अर्ध्या तासात कोणतीही चौकट खाली येते. छत लावण्यात कौशल्य आहे खरे. परंतु ते निमूटपणे काढता येईल असे लावणे, हे त्याहून मोठे कौशल्य होय.

वाचकांस आमची एकच विनंती आहे. आपल्या घरी कापडाचे छत नसेल. लाकडी असेल, जिप्समचे असेल, किंवा भिंतीवर नुकताच सुंदर कागद डकविलेला असेल. जेथे डाग पडला आहे, पोट सुटले आहे, रंगाचे पापुद्रे पुन्हा पुन्हा निघत आहेत, तेथे नवे आवरण घालण्यापूर्वी जुने काढून एकदा आत पाहावे. त्यात धूळ उडते, खर्च वाढतो, घरातील जुन्या गोष्टी निघतात आणि भावाभावांत पत्रव्यवहार होतो. परंतु त्या आवरणाखाली घरातले वडील माणूस निजत असते.

मयाल पुन्हा झाकण्यापूर्वी धाकट्यांनी लाल पेन्सिल मागितली. तीर्थरूपांची ओळ आम्ही पुसू दिली नाही. तिच्याखाली त्यांनी यंदाची तिथी घातली व लिहिले, "मयालास नवे टोक जोडले. दर तीन वर्षांनी मृगापूर्वी उत्तरेची चौकट उतरवून पाहणे." तेच वाक्य आम्ही देवघरातील वहीत, जेथे कुळधर्म व श्राद्धतिथी टिपलेल्या असतात, तेथे लिहून ठेविले आहे, कारण छताच्या वर लिहिलेले कोणाच्या दृष्टीस पडत नाही, हा धडा आम्हांस मिळालाच आहे.

आत्याबाईंची खाट पुन्हा आपल्या जागी गेली. पहिल्या रात्री त्यांनी बराच वेळ वर पाहिले व विचारले, "आता वर काय काय आहे रे?" आम्ही एकेक सांगत गेलो: वासे, नवी पट्टी, बोल्ट, दगडी उथळी, जाळी. त्यांनी सर्व नीट ऐकून घेतले, दिवा मालवावयास सांगितले, आणि कुशीवर वळल्या.